भुरी शिकते

नमुन्यावर नाव होतं, बेबी ऑफ पुष्पलता गांगुर्डे.
वय नऊ दिवस, वजन अकराशे ग्रॅम,
रक्तात यीस्ट.
मशीनने आधी भलतंच नाव सांगितलं.
निकुंभ मॅडम म्हणाल्या, विश्वास ठेवू नकोस,
ही जात नाव बदलून हिंडते.

बाहेर पौष संपत आलेला. निफाडला पारा पाचावर,
बाबा पहाटेच बागेत शेकोट्या पेटवत असतील
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
इथे मुंबई नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
पेटीत पस्तीस अंश, दिवसरात्र.
बुरशीला थंडी वाजू नये.

मी प्लेट भरली.
शहाण्णव खळगे. दगूमामा हिला शहाण्णव कुळी म्हणतात
आणि स्वतःच हसतात.
डावीकडून फ्लुकोनाझोल : चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ,
चार, दोन, एक,
मग अर्धा, पाव, दोन आणे.
दर घराला निम्मं.
अकराव्या घरात औषध नाही, नुसती ती.
बाराव्यात ती नाही, औषधही नाही.
ते स्वच्छ राहिलं तरच बाकीच्यांचं खरं मानायचं.

औषध.
आमच्या घरी औषध म्हणजे फवारणीचं.
माणसांची ती गोळी, नाहीतर सुई.
औषध मारून आलो, म्हणत बाबा ओट्याशी हात धुवायचे,
निळसर हात, साबण दोनदा.
मी आठवीत असेन, तेव्हा म्हणाले,
दरवर्षी एकच औषध मारू नये.
भुरी शिकते.
मी विचारलं, कोण शिकवतं तिला?
आपणच की, म्हणाले,
आणि पंपाची नळी झटकली.

चोवीस तासांनी प्लेट आरशावर धरली.
दोन आण्याला गढूळ. पावाला गढूळ. एकला, आठला,
आणि चौसष्टलासुद्धा तळाशी पांढरा ठिपका
सदऱ्याच्या बटणासारखा,
निवांत.
त्याखालच्या ओळीत अ‍ॅम्फोटेरिसिन दोनवर अडखळलेलं.
त्याखाली मायकाफंजिन :
पावापासून वर सगळी घरं निवळ.
निवळ. हा शब्द मी विहिरीच्या पाण्यासाठी वापरायचे.

मॅडमनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.
तू वाच, म्हणाल्या,
मला काय दिसलं ते विचारायचं नाही.
मी वाचलं. तेच.
त्यांनी वॉर्डला फोन लावला, उभ्यानेच.

संध्याकाळी खिडकीशी एक बाई,
टाक्यांवर हात धरून उभी.
नाव बदलून द्या, म्हणाली, काल बारसं झालं.
कुणाचं?
पेटीतलीचं.
क्षणभर मला माझीच पेटी आठवली.
पाळणा नव्हता, ती सांगत होती,
सिस्टरनी काचेवर बोटाने लिहून दाखवलं,
शाकंबरी. पुनवेची आहे ना ती.

संगणक नाव बदलू देत नाही.
मी पेनाने लिहिलं, बेबी ऑफच्या वर,
सही केली, शिक्का मारला.
तिने कागद नीट चार घड्या घालून
ब्लाउजात ठेवला, न वाचता.
त्यावर खाली काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही,
आणि मला सांगता आलं नसतं,
की चौसष्ट म्हणजे किती.

तिची बुरशी उणे सत्तरला ठेवली आहे,
नळीवर फक्त क्रमांक.
पुढच्या वर्षी नवीन औषध आलं
तर तिलाच बाहेर काढू, विचारू.
ती तशीच असेल. तिचं वय वाढणार नाही.

आज दुसऱ्या नमुन्याचा दुसरा दिवस.
बाटलीचा दिवा हिरवा, म्हणजे काही उगवलेलं नाही.
रात्री बाबांचा फोन आला, बाग कशी आहे विचारलं,
ते म्हणाले, तुझं काय?
काही उगवलं नाही, म्हणाले मी,
आणि त्यांना कळेना, ही हसते कशाला.
पाच दिवस वाट पाहायची असते.
उद्या तिसरा.