शिंत्रे, दामोदर

पहिल्या प्रुफात ते एकच होते.
जन्म भोरचा, शेतकी कॉलेजात प्राध्यापक,
मुठेकाठच्या एकवीस गवतांची नोंद,
आणि मग, परिच्छेदही न तोडता,
नाना पेठेच्या तालमीतून उतरून
सतराव्या मिनिटाला लाहोरच्या मल्लाला चीतपट.
उत्तरायुष्यात बँडपथक काढले.

संपादक म्हणाले, केवढा अष्टपैलू माणूस!
मी म्हणालो, साहेब,
हा माणूस दोनदा वारलाय.
एकदा बावन्न साली, एकदा अडुसष्ट.

त्यांनी चष्मा काढला.
सोडवा म्हणाले, गुरुवारपर्यंत.

सायकल काढली.
तालमीतले वस्ताद लाल मातीवर पाणी शिंपत होते.
ऐकून घेतलं, बादली खाली ठेवली.
आमचा दामूअण्णा गवत कशाला मोजेल?
गवत म्हैस खाते,
म्हशीचं दूध अण्णा प्यायचा,
एवढाच संबंध.
जन्म? प्लेगच्या साली. लिहा तसंच.

एरंडवण्यात प्राध्यापकांची लेक,
तिसरा मजला, फरशीवर वर्तमानपत्रं पसरून
तिनं वाळलेली गवतं दाखवली,
कागदाच्या बारीक पट्ट्यांनी चिकटवलेली,
जणू जखमांवर कुणी हलकेच फुंकर घालून बांधलंय.
कुस्ती ऐकून ती इतकी हसली
की खालच्या बाईंनी वर बघितलं.
बाबांना बरणीचं झाकण उघडायचं नाही हो!

मग जरा थांबून म्हणाली,
एकदा आमच्याकडे गदा आली होती.
कोल्हापूरहून, रेल्वे पार्सलनं, चांदीचा पत्रा लावलेली.
आठ दिवस कपाटामागे होती.
नवव्या दिवशी बाबा टांग्यात घालून
स्वतः पोचवून आले.
काय बोललात, आईनं विचारलं.
चहा घेतला, म्हणाले.
आणि त्याची सही माझ्यापेक्षा चांगली आहे.

रविवार पेठेत बोहारणीच्या दुकानामागं
बँडमास्तरांचा जावई. माहिती अशी काहीच नाही.
जन्म अकरा साल, मृत्यूची तारीख कोण शोधणार.
माळ्यावरून त्यानं मोठा ढोल मात्र उतरवला.
कातड्यावर निळ्या रंगात:
दामोदर शिंत्रे आणि पार्टी.

पैलवानाच्या अंत्ययात्रेत बँड ह्यांचाच होता, म्हणाला.
सगळ्यात पुढे हा ढोल.
लोकांना वाटलं, मुद्दाम रंगवून आणलाय.
बायकांनी त्याच्यावर गुलाल टाकला.
सासरे रात्री घरी येऊन
बराच वेळ तो पुसत बसले,
मग अर्धा पुसून राहू दिला.

गुरुवारी तीन वेगळे परिच्छेद दिले.
कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन,
जन्मवर्षाच्या क्रमानं. तशी कोशाची पद्धत आहे.
पुढे शिंदे सुरू होतात,
ते तर शेकड्यांनी, त्यांचं वेगळं दुखणं.

शुक्रवारी कचेरीत फोन.
आम्ही पेपरात निवेदन दिलं होतं,
माहिती असल्यास कळवावे.
बाईंचा आवाज, पाठीमागे तराजूची खणखण.
पर्वतीच्या पायथ्याहून बोलते, वाण्याच्या फोनवरून.
माझे मालकही दामोदर शिंत्रे.
पाण्याच्या खात्यात होते, व्हॉल्व्हवर, एकतीस वर्षं.
पहाटे चारला पाणी सोडायचे.

मी पेन्सिल उचलली.
नाही नाही, घालू नका, त्या म्हणाल्या,
तसं काही केलं नाही त्यांनी.
नुसतं विचारते.
घातलं असतं, तर कितवे आले असते?

जन्मसाल विचारलं. सात.
प्लेग, मग चार सालचे प्राध्यापक, मग सात, मग अकरा.
तिसरे, मी म्हणालो.

तिसरे,
त्यांनी दुकानातल्या कुणाला तरी सांगितलं,
आणि पैसे पडतील म्हणून फोन ठेवला.

खंड छापून आला चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत.
बँडमास्तर कंसात तीनच आहेत.
मी वाचतो तेव्हा
चौथे वाचतो.