या कानाचं त्या कानाला

कार्यक्रमाआधी यास्नामावशी लॅपटॉपला दम देते:
गाण्यांनी हॉलमध्ये जायचं.
पुढचं गाणं तपासायचं ते माझ्या उजव्या कानात.
आणि तू गं, पडदा वाचून दाखवणारे,
तू डाव्या कानात. उंबरा ओलांडायचा नाही.
या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

मावशीला दिसत नाही.
पोर्वेनिरमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही,
जसं वारं आहे हे सांगावं लागत नाही.
अग्निशमनवाल्यांच्या हॉलचा पत्रा वाजत असतो,
बिंगोची टेबलं भिंतीला सरकतात,
आणि मी, वायरी वाहणारा भाचा,
चिकटपट्टी मारलेलं जुनं साउंड कार्ड खोचतो,
नेहमीच्याच भोकात. शेजारच्यात खोचलं
तर यंत्र त्याला ओळख दाखवत नाही,
कोण आपण, म्हणतं, आणि सगळी मांडामांड पुन्हा.

वाचणारी बाई बोलते इतकी भरभर
की मला नुसतं कढईत पाणी उडाल्यासारखं ऐकू येतं.
मावशीनंच वेग वाढवत वाढवत इथवर आणलाय.
हळू बोलणाऱ्यांचा कंटाळा येतो, म्हणते,
माझ्याकडे तोंड करून.

सप्टेंबरातला शनिवार होता.
यंत्रानं दुपारी स्वतःला सुधारून घेतलं होतं,
कुणाला न विचारता,
आणि लावून दिलेली सगळी दारं पुसून टाकली होती.
आम्हाला पत्ता नाही.
तिसरी कुंबिया रंगात आलेली,
माणसं कोट काढून नाचत होती,
आणि एकाएकी दोन्ही मोठ्या स्पीकरांतून
त्या बाईचा आवाज. छपराएवढा.
चार सेकंद. फार तर पाच.
मेसेज आला की ती न सांगता वाचते.

कुणाला काही कळलं नाही.
कुणी हसलं, पोरांनी जीभ वळवून नक्कल केली,
बंबाचा ड्रायव्हर ओरडला, वा, नवीन गाणं!
दोन जोडपी तर त्याच तालावर नाचली.
मावशीचं बोट एका बटणावर गेलं.
बाई गप्प. कुंबिया चालू.

आता वाचणारीही नाही आणि दिसतही नाही,
तरी तिनं ती यादी आठवणीनं उघडली:
टॅब चारदा, खाली दोनदा, एंटर,
पुन्हा टॅब, ओठ हलत होते, आकडे मोजत.
एकेका प्रोग्रॅमला ज्याचं त्याचं दार.
मग बटण दाबून तिनं मान डावीकडे कलती केली
आणि तशीच ठेवली,
गाणं संपत आलं तरी.
पुढचं लावलं वेळेवर. तेवढं चुकलं नाही.

म्हातारे ओयार्सून स्टोव्हजवळ बसले होते.
चाळीस वर्षं सामुद्रधुनीच्या ठाण्यात मोर्स ऐकलेला माणूस,
एका कानात जहाजं,
दुसऱ्यात बायको काय म्हणते ते.
एक सबंध नाच ते जमिनीकडे बघत राहिले.

पहाटे आम्ही आवराआवर करत होतो.
ते टोपी हातात घेऊन टेबलापाशी आले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, बोट चांगली होती.
विकायला नको होती त्यानं.

इंजिन धूर टाकायचं, मावशी म्हणाली.

ते मान हलवून गेले. दार वाऱ्यानं आपटलं.
मी विचारलं, कुठली बोट?
वायर नीट गुंडाळ, ती म्हणाली,
आठाच्या आकड्यात. पीळ पडला की आतून तुटते,
आणि वरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या खुंटीवर
निबाल्दोची खेकड्यांचा वास येणारी लोकरी टोपी नव्हती.
मावशी स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत बसली होती,
हवामान, वाऱ्याचा वेग, फेरी रद्द,
साध्या स्पीकरवर,
घरभर ऐकू जाईल असा.