एकास पन्नास

पहाटेची गाडी रिकामी झाली की
हॉलमध्ये थोडा वेळ नुसता आवाज उरतो,
माणसं गेली तरी न गेलेला.
तेवढ्यात टेप लावून घ्यायचा.
हेरवाडे शून्य धरून भिंतीशी उकिडवा,
मी दुसऱ्या टोकाला, दातात पेन्सिल,
मधे टेप, जरा पोट सुटलेला.
"ताण गं."
"ताणलाय."
"मग वाच."
तेरा मीटर चौदा.
समोरच्या भिंतीशी तेरा मीटर सव्वीस.

पुन्हा मोजलं. तेच.
म्हणजे ज्यानं इथं गुण्या लावला
त्याचा एखादा दिवस वाकडा गेला असणार,
तापाचा, किंवा घरून निरोप आल्याचा,
आणि त्या दिवसाचे बारा सेंटिमीटर
काळ्या दगडात राहून गेले.
हेरवाडे म्हणाला, नकाशात सरळ करून टाकू,
कोण बघतंय.
मी नाही म्हणाले.
मग बराच वेळ आम्ही फक्त आकडे बोललो.

कमानी सोप्या.
मध्य सापडला की बाकीचं कंपास बघून घेतो.
वरच्या सागवानी कैच्याही सोप्या,
फक्त मान मोडते, आणि कबुतरं
वहीवर आपली सही करून जातात.
अवघड असतात माणसं.
आम्ही ती प्रमाणापुरती काढतो,
उंची कळावी म्हणून,
बिनतोंडाची, मोकळ्या हातांची.
आणि इथं सकाळपासून
मोकळ्या हातांचं एक माणूस गेलेलं नाही.
गुळाच्या ढेपा, गोणपाटात शिवलेलं शिलाई मशीन,
मिरजेच्या दवाखान्याची एक्स-रेची पाकिटं,
छातीशी धरलेली,
जणू आतलं हाड अजून दुखतंय.

"काय मापालायसा?"
बाबालाल. बिल्ला जुना, शर्ट त्याहून जुना.
सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं,
आणि मला बंद पडलेल्या तिकिटाच्या खिडकीशी नेलं.
प्लायवुड ठोकलेलं, त्यावर कसलीशी जाहिरात,
खाली दगडाचा उंबरठा, हातभर लांब.
"हितं हात फिरवा. न्हाई, डोळं मिटून."
फिरवला.
उजवीकडं दगड आत गेलेला,
वाटीच्या बुडासारखा गुळगुळीत.
"डावीकडं न्हाई बघा.
सगळं जग उजव्या हातानं पैसं देतंय."

पट्टी आडवी ठेवून मोजलं. चार मिलिमीटर.
एकास पन्नासच्या कागदावर
ते केसाहून बारीक होतं.
माझ्या सगळ्यात नाजूक पेनची रेघ
त्याहून जाड आहे.
खांब बसतात, जिने बसतात, अख्खं छप्पर बसतं,
आणि इतक्या माणसांचे हात
रेघेच्या जाडीत बुडून जातात.

मग कागद थेट दगडावर ताणला.
बाबालालनं एक बाजू दाबून धरली,
हेरवाडेनं, न बोलता, दुसरी.
मऊ पेन्सिल आडवी धरून घासत गेले.
छिन्नीचे टवके उठले, दगडाचा रवा उठला,
आणि उजवीकडं, जिथं कागद टेकलाच नाही,
तिथं तळहाताएवढं पांढरं.

"एवढं काळं केलं आणि तेच ऱ्हायलं की,"
बाबालाल म्हणाला.
मी म्हटलं, तेच काढायचं होतं.
तो हसला नाही.
"ताई, एक इचारू?
हे मापालायसा ते ठेवायसाठी, का पाडायसाठी?"

आमच्या कामाच्या पत्रात
नुसतं 'मोजणी' असं लिहिलं होतं.
हेरवाडेनं टेपची कळ सोडली,
तो फरशीवरून सरसरत आत गेला.
बाहेर फलाटाच्या टोकाशी
रूळ थांबतात तिथं इंजिन सुटं करत होते,
गाडीला आता उलट्या बाजूनं जायचं होतं.

वहीत नंतर पाहिलं.
दोन्ही भिंतींवर हेरवाडेच्या बारीक अक्षरात
चौदा, सव्वीस, खोडाखोड नाही.
सातव्या कागदावर, 'प्रमाण' च्या चौकटीत,
माझ्याकडून काहीच लिहायचं राहिलंय.