सात वेढे

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
गच्ची सगळी सोलरवाल्यांनी घेतली
म्हणून माझ्या वाट्याला बाल्कनीचा कठडा.
कठड्यावर कोरफड, टॉवेल,
आणि जुन्या फ्रिजच्या तांब्याच्या नळीचं एक कडं,
पिंपाच्या झाकणाएवढं.
वॉचमन विचारतो, मॅडम, कबुतरांसाठी का?
मी म्हणते, हो.

कड्याच्या बुडाशी, साबणाच्या डबीत,
अझीम सतारमेकरनं बसवलेला ॲम्प्लिफायर.
मिरजेचा पोरगा. घरात चार पिढ्या भोपळे कोरणाऱ्या,
हा एकटा सोल्डरिंगच्या धुरात.
केबल एकच : तिच्यातून बारा व्होल्ट वर चढतात
आणि तिच्यातूनच जग खाली उतरतं.

पहिल्या रात्री गेन पुरा चढवला.
एकतीस मीटरला सांगली केंद्र!
पंचवीसला सांगली केंद्र!
जिथं परदेश असायला हवा
तिथं हळदीचे भाव, राजापुरी तेजीत.
अझीम हसला. "जवळचा मोठ्यानं बोलतोय, मावशी,
आपला ट्रान्झिस्टर दबून गेलाय.
दारातच चाळण लावू."
लावली. बाराशे एक्कावन्न बाहेर थांबलं,
चपला काढून.

मग राहिली ती खरखर.
रात्री नऊला यायची, सकाळी सहाला जायची, पाळीवर असल्यासारखी.
मी टेलिफोन एक्स्चेंजला बत्तीस वर्षं काढली,
कराडची लाइन ओली की विट्याची तुटकी
हे नुसत्या हुंकारावरून सांगायची.
ही खरखर दूरची नव्हती.

अझीमनं दुसरा ट्रान्झिस्टर घातला. खरखर दुप्पट.
तिसरा घालू?
"तंबोरा बोलेना की तुझे आजोबा काय करायचे रे?
तार ओढत बसायचे?"
तो गप्प. मग म्हणाला,
"घोडी घासायचे."

मेन स्विच पाडला. फ्रिज गेला, वायफाय गेलं,
रेडिओ बॅटरीवर. खरखर होतीच.
मग हातात छोटा ट्रान्झिस्टर, पायात मोजे,
जिना उतरले चोरासारखी, दारोदार कान लावत.
दोनशे तीनपाशी
खरखर मांजरीसारखी अंगावर आली.

एस्तेर सातपुते सकाळी मिरजेहून रात्रपाळी करून आली.
म्हणाली, सायमनच्या खिडकीला माळ आहे दिव्यांची,
नाताळची, काढलीच नाही.
आजीपाशी झोपतो, पण अंधाराला भितो.

बंद कर, म्हणता आलं असतं.

अझीमकडून फेराइटचं काळं कडं आणलं, बांगडीएवढं,
ॲडॅप्टरची वायर त्यातून ओवली, सात वेळा.
वडाला कधी सूत गुंडाळलं नाही मी,
ती वेळ आली नाही.
हे वेढे असे, दुसऱ्याच्या पोराच्या उजेडाला.
सायमन बघत होता. "दिवे जाणार?"
"नाही. फक्त बोलायचे थांबतील."
"बोलतात?"
"रात्रभर."
त्यानं माळेला कान लावला.

त्या रात्री गेन निम्म्यावर आणला.
खरखर पूर्ण गेली नाही, खोटं का सांगू,
पिठात कोंडा राहतो तेवढी राहिली.
पण तिच्या पलीकडे एक बाई होती,
कुठल्याशा भाषेत आकडे वाचणारी, सावकाश.
लाटांची उंची असावी, वाऱ्याचा जोर, कुणा बोटींसाठी.
सांगलीला समुद्र नाही.
कृष्णा आहे, ती आम्ही आयर्विनला फुटांत मोजतो,
तरी आवाज ओळखला मी :
पाणी किती, हे सांगणारं माणूस
सगळीकडे असंच बोलतं, पट्टी न चढवता.

लाइन जोडली की कान काढून घ्यायचा,
बत्तीस वर्षं नियम होता.
आज नाही काढला.

कोरफडीला पाणी घातलं की अर्थिंग सुधारतं
असं मला वाटतंय. अझीमला विचारायला हवं.