दुहाती सुरी

झाड निवडताना हिलारमामा त्याला हात लावत नाही.
गुडघाभर बर्फात उभा राहून नुसता बघतो,
बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, पुन्हा खाली,
मुलगी बघायला आलेल्या अवघड पाहुण्यासारखा.
पहिलं पिळलेलं निघालं. "सालीच्या रेघा बघ,
जिन्यासारख्या फिरत गेल्यात."
दुसऱ्याला कमरेशी गाठ.
तिसऱ्यावर एक पक्षी बसला होता, म्हणून ते सोडलं.
मग हे हेझल, माझ्या मनगटाएवढं,
थोरल्या झाडांच्या गर्दीत
उजेडासाठी सरळ चढत गेलेलं.
"हे," म्हणाला, आणि करवत माझ्याकडे दिली.

मामाचा डावा हात मनगटाशीच संपतो.
लाकडाच्या गिरणीत गेला, मी दोन वर्षांची असताना.
सारेमा बेटावर यावर कुणी बोलत नाही.
बोलतात ते हेरिंगच्या भावावर,
आणि समुद्राचा बर्फ कधी फुटेल, यावर.

टोकांना मेण फासून रोपटं सौनाच्या माळ्यावर ठेवलं.
"लाकूड टोकांतून रडतं," मामा म्हणाला,
"घाईनं रडलं की तडकतं."
शनिवार मागून शनिवार खाली आम्ही घाम गाळला,
वर ते हळूहळू हलकं होत गेलं.

एप्रिलच्या शेवटी त्यानं खुंटीवरून गुंडाळी काढली.
आत दोन मुठींची सुरी,
दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची.
अकरा वर्षं कुणी वापरली नव्हती.
पात्यावर गंजाचा ठिपका नाही,
तेलाचा ताजा वास.
मी विचारलं नाही.

"पाठीला पातं लावायचं नाही.
पाठ झाडाची. पोट तेवढं तुझं."
मी ओढत गेले. पांढऱ्या, ओलसर वासाच्या
लांबच लांब कुरळ्या पायाशी पडत होत्या,
आणि मामा दुसरं टोक
थोट्या मनगटानं खांबाशी दाबून धरत होता,
इतकं घट्ट की पातं माझ्याकडे येताना
मला त्याचा श्वास लाकडातून कळायचा.

मग ती भिंत. खिळ्यावर मूठ, खाली कप्पी,
मी दोरी ओढायची, त्यानं दूर उभं राहून
बाक बघायचा.
धनुष्याच्या दोन अंगांना तो हातच म्हणायचा.
"वरचा हात ताठ आहे."
कानशीचे दहा फेरे. पुन्हा ओढ.
"अजून ताठ."
पाच फेरे. ओढ.
"आता खालचा रुसला."
मे महिना असा गेला.
एकदा गाठीपाशी टक् झालं, बारीक,
बोट मोडल्यासारखं.
दोघंही हललो नाही.
मग त्यानं जवसाचा दोरा आणि सरस आणला,
दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं
आणि म्हणाला, "गुंडाळ."

पहिला बाण मी सोडला, तो गवतात लोळला.
दुसरा साल्मेबाईंच्या कुंपणात.
तिसऱ्याला मामा पुढे आला.
काही बोलला नाही, माझ्या मागे उभा राहिला,
उजव्या हाताची तीन बोटं दोरीला लावली.
मूठ माझ्याकडे, ओढ त्याच्याकडे.
धनुष्य वाकलं,
मी एकटीनं कधी वाकवलं नव्हतं तेवढं,
त्याचा कोपर माझ्या कानाशी थरथरत होता.

बाण जुनिपरच्या झुडपांवरून गेला
आणि दिसेनासा झाला.

रात्री अकरापर्यंत शोधला.
जूनमध्ये आमच्याकडे अंधार नीट पडत नाही,
त्यामुळे परत यायला निमित्तही नव्हतं.
आईनं दोनदा हाक मारली. मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या.
मामा वाकून एकेक झुडूप उचकत होता,
काटे टोचले तर शिव्या देत होता,
आणि मध्येच थांबून, पाठ ताठ करत,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"वरचा हात अजून थोडा ताठ आहे."