सावलीचा हिशेब

पाटीवर खिळे पाच, पाचही भरलेले,
सहावी किल्ली आप्पांच्या बंडीच्या खिशात,
आणि घरात माणसं पाच,
त्यातला मी मे महिन्यापुरता आलेला.

काहीतरी विकायचं, हे सगळ्यांना मान्य.
काय विकायचं, ह्यावर सावद्याच्या आमच्या ओसरीत
तीन रात्री दिवा मालवला नाही.

ट्रॅक्टरचं नाव काढायचं नाही.
केळीचे घड त्याच्यावरून येतात, घर त्याच्यावर चालतं.
बोलेरो लग्नांसाठी : फैजपूर, यावल, रावेर.
आमच्यात लग्नाला पायी आलेला माणूस
आला होता का, हे नंतर कुणाला आठवत नाही.
कागदावर ती आईच्या नावे, शकुंतला तोताराम झोपे.
स्टिअरिंगला तिनं हात लावला एकदाच, पूजेला,
कुंकवाच्या बोटापुरता.
बुलेट दादाची. म्हणतो, ती विकायची तर आधी मला विका.
वहिनी स्कूटीवर खिरोद्याच्या शाळेत शिकवायला जाते,
पेट्रोल तिच्या पगारातलं, म्हणून तिला मतं दोन.
माझी मोटरसायकल अकरा महिने उभी,
सीटखाली सरड्याचा संसार.
राहिली आप्पांची लूना.
ती चालू होत नाही.
“पण आता बंदही पडत नाही,” आप्पा म्हणतात.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, पारा सेहेचाळीस,
आप्पा चुन्याचं डबडं घेऊन अंगणात उतरले,
कडुनिंबाच्या सावलीभोवती वाकून वाकून रेघ ओढली.
“यात मावतील तेवढ्या आपल्या.
बाकीच्या उन्हाच्या.”

मावली बुलेट, मावली स्कूटी, बोलेरो अर्धी.
तासाभरात सावली रेघ ओलांडून गोठ्याकडे निघाली.
दादानं बुलेट ढकलली, वहिनीनं स्कूटी,
मी बोलेरोच्या दाराला हात लावून भाजून घेतला.
रेघेत उरली एक कोंबडी, तीही धापा टाकत.

आई दारातून बघत होती.
“मंग माही बाज कुठी टाकू?”

आम्ही वळून बघितलं.
बाज भिंतीशी उभी, सुंभावर ग्रीसचे डाग,
तीन वर्षं, बोलेरो आली तेव्हापासून.
त्याआधी दुपारी ती तिथंच असायची,
तोंडावर पदर, टाचा उघड्या,
फाटक वाजलं तर न उठता विचारायची, कोन हाये?
हे मला आत्ता आठवलं.
आप्पांना आठवलं की नाही, माहीत नाही.
त्यांनी नुसती दुसरी रेघ ओढली, बाजेएवढी,
पहिल्या रेघेच्या आत,
आणि डबड्यात चुना संपला.

माझी मोटरसायकल गुरुवारी चिनावलचा पोरगा घेऊन गेला,
सरडा त्याच किमतीत.
लूना गोठ्यात. किल्ली खिशातच.
बुलेटचं अजून ठरायचंय,
दादा माझ्याशी बोलत नाही,
जसं झाड मी छाटलं.
बोलेरोचं तोंड आता उन्हात, हप्ते अजून सव्वीस.

साडेतीनला सावली सरकते.
आम्ही बाजेचे चार पाय धरतो,
आप्पा, वहिनी, मी,
आणि न बोलता चौथा पाय दादा.
आई डोळे उघडत नाही. पदराखालून म्हणते,
“हळू रे.
अजून जित्ती हाये मी.”