हिरवी वायर

जनकगंजच्या मागच्या गल्लीत, पौषातल्या सकाळी,
माहुरकर मास्तरांच्या न्हाणीघरात मी स्टुलावर.
धुकं अजून खिडकीच्या जाळीला चिकटलेलं.
खाली मास्तर, कानटोपी घालून, टॉर्च धरून:
"नळाच्या डोक्यावरच लाव की गीझर, ढवळे,
पाईप कमी लागेल."

पाईप कमी लागेल, खरंय.
मी एक तांब्या मागितला, भरला,
आणि जोरात भिंतीवर फेकला.
मास्तर दचकले.
ओल जिथवर चढली तिच्या वर हातभर
पेन्सिलीने रेघ मारली.
रेघेखाली पाण्याचं राज्य. तिथे माझं काही चालत नाही.

बटण दाराबाहेर.
ओल्या हाताला बटण गाठायचं तर
वाटेत टॉवेल लागला पाहिजे, कडी लागली पाहिजे,
थोडी लाजही.

"इतकी वर्षं रॉडच होता," मास्तर म्हणाले,
"बादलीत सोडायचा, बोट बुडवून बघायचं."
वहिनी दारातून हसल्या,
"मुंग्या यायच्या हो बोटांना.
मला वाटायचं, थंडीच्या."

मला हसू आलं नाही.

जुना बोर्ड उघडला.
काळ्या टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं,
पुढच्या माणसाच्या नखाला सापडावं म्हणून.
ही सवय अख्ख्या ग्वाल्हेरात एकाच हाताची.
मुंशीलाल उस्ताद.
"पहले धरती, फिर बिजली,"
असं म्हणत म्हणत ज्याने मला पक्कड धरायला शिकवली
त्याचंच हे काम, मी बहुधा शाळेत असतानाचं.

हिरवी वायर नीट निघालेली.
प्लास्टरमधून खाली, कोपऱ्याला वळून,
नळाच्या लोखंडी पाईपला क्लॅम्प, घट्ट, आजही घट्ट.
तेव्हा तसंच करायचे.
लोखंड सरळ जमिनीत जायचं.
मी टॉर्च घेतला, वाकून बघितलं.
लोखंड वीतभरच.
त्याच्या खाली पांढरंशुभ्र प्लास्टिक.

"वहिनी, मुंग्या कधीपासून?"
"दोन हिवाळे झाले असतील."
"आणि मास्तर, पाईप कधी बदलला?"

मास्तर बोटांवर मोजू लागले,
आणि दुसऱ्या बोटापाशी थांबले.

चाळीस वर्षं मराठी शिकवलं त्यांनी.
मी म्हणालो, हिला आम्ही अर्थ म्हणतो.
ते बराच वेळ त्या वीतभर लोखंडाकडे बघत राहिले.
"म्हणजे अर्थ होता," म्हणाले, "पोचत नव्हता."

गीझर त्या दिवशी लागला नाही.
परसात पेरूच्या पलीकडे बलवीरने खड्डा घेतला,
माणूस उभा बुडेल एवढा.
दाल बाजारातून जाड मिठाची गोणी, लोहारगल्लीतून कोळसा,
थरावर थर, मधे नळी, वरून दोन बादल्या पाणी.
सगळ्या घरात विजेशेजारी पाणी हवं अशी ही एकच जागा.

दुसऱ्या दिवशी गीझर. त्याची वायर वेगळी, जाड,
थेट मीटरपासून, वाटेत कुणाशी न बोलता आलेली.
आणि गळती पकडणारा ब्रेकर, त्यावर एक छोटं बटण.
"महिन्यातून एकदा दाबायचं. घर अंधारलं, तर सगळं ठीक."
वहिनींनी कॅलेंडर काढून
प्रत्येक संकष्टीला फुली मारली.
"चंद्रोदयाआधी दाबीन. तसाही तेव्हा जीव वरखाली होतो."

"आधीचं काम कुणाचं होतं रे?" मास्तरांनी विचारलं.
"होता एक. चांगला होता," मी म्हणालो.
काम चांगलंच होतं. त्याला कुणी कळवलं नाही, एवढंच.

निघताना रॉड मागून घेतला.
वहिनी कुरकुरल्या, वरच्या भाडेकरणीला देणार होते,
नवी लेकुरवाळी आहे, थंडीची.
मी पायरीवर बसलो
आणि त्याची वायर मुळापाशीच कापली.
तेवढं मजुरीत धरलं नाही.